चिकटलेलं पान

आमच्याकडे तेव्हा दोन जर्सी गाई होत्या आणि सटाण्यात नऊ घरी दुधाचा रतीब होता. मळा आरम नदीच्या अंगाला, गावापासून दोन किलोमीटर. सकाळी सहाला सायकलला किटल्या अडकवून निघायचं आणि साडेसातला मोकळं व्हायचं, असा रोजचा नेम. नऊ घरांतलं शेवटचं घर एका ख्रिस्ती मास्तरांचं. मूळचे ते नगरकडचे. नोकरीची शेवटची वर्षं आमच्या तालुक्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर इथंच भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. ही गोष्ट 1997 च्या सुमाराची.

मी जायचो तेव्हा मास्तर ओट्यावर लोखंडी खुर्ची टाकून वाचत बसलेले असायचे. दूध मोजता मोजता दुसऱ्याच्या पुस्तकात डोकवायची मला खोड. उघड्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा एक डाग होता. दुसऱ्या दिवशी तोच डाग. चौथ्या दिवशी तोच. आता मी म्हणजे 1977 साली दहावी झालेला आणि वाचनाची आवड असलेला गडी. वाचनालयातून आठवड्याला दोन कादंबऱ्या आणायचो आणि दोन्ही संपवून परत करायचो, त्याचा मला मोठा अभिमान. मला हसू आलं. म्हटलं, "मास्तर, पान चिकटलं का काय?"

ते म्हणाले, "पान नाही चिकटलं भाऊ, मीच चिकटलोय."

मला वाटलं, म्हातारा नजरेने अधू झाला असेल. तसं नव्हतं. पुस्तक नव्या कराराचं होतं आणि पान मत्तयाच्या पाचव्या अध्यायाचं. येशूने डोंगरावर बसून लोकांना जे सांगितलं ते त्या अध्यायात सुरू होतं. मास्तर रोज सकाळी त्यातली चार-पाच वाक्यं पुटपुटत वाचायचे, पुस्तक मांडीवर पालथं घालायचे आणि रस्त्याकडे बघत बसायचे. त्या वाक्यांचं काहीतरी देणं आपल्याकडे निघतंय असं वाटलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वाक्यं.

आमच्या घरी वाचनाची रीत निराळी. आमचं माळकऱ्यांचं घर. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसलं की सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्या संपवायच्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मी पहिल्यांदा पारायणाला बसलो. शेजारच्याच्या आधी अध्याय संपवायची आमची शर्यत असायची. वडील अक्षरशत्रू. मंडपाच्या खांबाला टेकून नुसते ऐकायचे. एकदा घरी येताना त्यांनी मला विचारलं, "आज काय आलं वाचण्यात?" मला एक ओळ सांगता आली नाही. त्यांनी मात्र गोठ्यात गेल्यावर सकाळी ऐकलेला एक दृष्टांत आईला सांगितला. पारायणाला मी नावं ठेवत नाही. सगळं गाव एका सुरात बसतं त्यात वेगळं बळ असतं. पण ते बळ वाचल्याचं की एकत्र बसल्याचं, हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तुमचे वडील वाचत होते भाऊ, तुम्ही पानं मोजत होतात." मग त्यांनी मला फादर स्टीफन्सची गोष्ट सांगितली. हा इंग्लंडचा माणूस 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताची सगळी कथा ओव्यांत लिहिली. ते 'ख्रिस्तपुराण', 1616 साली छापलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती. त्यांचे कान मात्र ओवीचे होते, त्यांना बसून ऐकायला काहीतरी हवं होतं. मास्तरांचं म्हणणं असं, की ओवी ही मुळात दमाने घ्यायची चीज आहे. साडेतीन चरण म्हणायचे आणि थांबायचं. अर्धा चरण देवाने श्वासाला ठेवलाय. हे त्यांचं स्वतःचं गणित, व्याकरणवाल्यांनी मला धरू नये.

पुढे त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचायला दिलं. लक्ष्मीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. मी पुस्तक चार रात्रीत फस्त केलं आणि पाचव्या दिवशी दुधाबरोबर परत दिलं. मास्तरांनी विचारलं, "काय वाचलंत?" मी सगळी गोष्ट सांगितली. नारायण वामन टिळकांचा विसराळूपणा, उतावळेपणा, घरातल्या गमती. ते हसले, पण पुस्तक घेईनात. म्हणाले, "आगगाडीपासून पुढचं परत वाचा."

ती हकिगत अनेकांना ठाऊक असेल. टिळक गाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, बोलणं झालं, आणि त्यांनी नवा करार हातात ठेवला, वाचाल असा शब्द घेतला. टिळकांनी केवळ शब्द दिला म्हणून वाचायला घेतलं आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. पुढं जाववेना. त्यानंतर किती वाद, किती पत्रं, किती तळमळ, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंनी मात्र नवऱ्याच्या मागोमाग उडी घेतली नाही. त्यांना आणखी पाच वर्षं लागली. सोवळंओवळं, जात, देव यांचा एकेक धागा त्यांनी स्वतःच्या हाताने उसवला, मगच त्या गेल्या. एका घरात दोन माणसं. एक पुस्तकापाशी अडकला, दुसरी रोजच्या पाण्याच्या तांब्यापाशी. मास्तर म्हणाले, "मला विचाराल तर दोघांनीही वाचन केलं."

दुसऱ्या वाचनाला मला दीड महिना लागला. पहिल्या खेपेला ज्या जागी हसलो होतो, त्यातल्या काही जागी आता घशात काहीतरी आलं.

मास्तर महिन्यातून एकदा प्रार्थनेला नाशिकला जायचे. येताना माझ्यासाठी काहीतरी ऐकीव घेऊन यायचे. (शरणपूर रोड म्हटलं की हल्ली माणसाला गाड्यांची गर्दीच आठवते. शरणपूर ही गेल्याच्या गेल्या शतकात मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती होती, हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं.) एकदा त्यांनी बेनेडिक्ट नावाच्या संताचं सांगितलं. सहाव्या शतकातला इटलीचा साधू. त्याने मठातल्या लोकांसाठी नियम लिहून ठेवले, त्यात शेतातलं काम, प्रार्थना आणि वाचन यांचे तास ठरवून दिले. उपवासाच्या चाळीस दिवसांत प्रत्येकाला एकच पुस्तक मिळायचं आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. आणि त्या साधूंच्या परंपरेत वाचनाला शब्द काय होता? रवंथ.

हे ऐकून मी किटली खाली ठेवली. रवंथ म्हणजे माझा विषय. गाईच्या पोटाला कप्पे चार. ती गवत खाते तेव्हा चावत नाही, नुसतं पोटात भरते. मग झाडाखाली बसते आणि घास घास वर काढून चावते. दिवसाचे सात-आठ तास तिचे त्यात जातात. जी गाय रवंथ सोडते तिच्या कानाला हात लावून बघा, थंड लागेल. ती आजारी आहे. दूध रवंथातून येतं, नुसत्या चरण्यातून येत नाही. मी हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी पेन काढून पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी लिहून घ्यायची ती पहिली वेळ.

त्यांच्याकडे आईच्या हातचं एक जुनं बायबल होतं, पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं. रमाबाई संस्कृतच्या केवढ्या पंडित. पण साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 साली त्या वारल्या. 1924 साली ते पुस्तक निघालं, केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यात. खिळे जुळवायला बायकाच. ते पुस्तक उघडताना मास्तर आधी हात धुवायचे. एकेक शब्द कुणीतरी वर्षानुवर्षं तोलून ठेवलाय आणि आपण तो चहा निवायच्या आत वाचून टाकायचा, हे त्यांना बरं वाटत नसे.

आता त्या चिकटलेल्या पानाचं सांगतो. त्या पानावर जे आहे त्याचा अर्थ माझ्या भाषेत असा: तू देवापुढे दान ठेवायला निघालास आणि मध्येच आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी राग आहे, तर दान तिथंच सोड, आधी भावाशी मिटव, मग ये. मास्तरांचं त्यांच्या सख्ख्या भावाशी घरावरून बिनसलं होतं. अकरा दिवस ते त्या वाक्यापाशी बसले आणि बाराव्या दिवशी त्यांनी भावाला पोस्टकार्ड टाकलं. महिन्याने कार्ड परत आलं. भाऊ त्या पत्त्यावर राहत नव्हता. शोधायला पुढं वर्ष गेलं. सापडला तेव्हा त्याला अर्धांगवायू झालेला, बोलणं गेलेलं. मास्तर त्याच्याजवळ आठ दिवस राहून आले.

आल्यावर मला म्हणाले, "भाऊ, अकरा दिवस त्या वाक्यापाशी बसलो याचं मला मनातून कौतुक होतं. आपण कसं सावकाश वाचतो म्हणून. अहो, त्या वाक्यात लगेच जा म्हटलंय. त्याच्या पुढच्याच वाक्यात म्हटलंय, वैऱ्याशी वाटेत असतानाच झटपट मिटव. मी वाचायला सावकाश होतो ते ठीक. करायला सावकाश का राहिलो?"

तेव्हा मला हे चांगलं वाटलं, बस्स. माझ्या अंगाला काही लागलं नाही. माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं तेव्हा गूळपीठ होतं.

मास्तर 2009 साली गेले. त्यांच्या मुलीने तो नवा करार माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा म्हणायचे, दूधवाल्या भाऊंना द्या." मी घरी आणला, ज्ञानेश्वरीशेजारी कपाटात ठेवला आणि विसरलो. दिवस वाईट होते. आमच्या भागात डाळिंबावर तेल्या आला, फळं काळी पडून तडकू लागली, फवारण्यांवर फवारण्या झाल्या आणि शेवटी ट्रॅक्टर लावून बाग उपटली. पुन्हा कांद्यावर आलो. 2012 च्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाळीवरून आणि दोन फूट बांधावरून भावाशी भांडण झालं. रात्री किती वाजता लाईट येणार आणि कुणी मोटर चालू करायची, एवढ्यावरून आम्ही एकमेकांच्या मेलेल्या आईबापापर्यंत गेलो. ती आमची दोघांचीही आई होती, हे तेव्हा सुचलं नाही. बोलणं बंद झालं, ते नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत मी किती वाचलं असेल! मोबाईल आला. सकाळी डोळा उघडला की लासलगावचा भाव, उमराण्याचा भाव, हवामान, सुविचार, देवाचे फोटो. माझे वडील जन्मात जेवढं ऐकले नसतील तेवढे शब्द मी आठवड्यात वाचत होतो. 2021 च्या पावसाळ्यात एक दिवस मेसेज आला: कांद्याची निर्यात बंद. मी तडकाफडकी माणसं लावली, चाळ फोडली आणि दोन दिवसांत सगळा उन्हाळ कांदा मिळेल त्या भावात मार्केटला ओतला. नंतर कळलं, तो मेसेज वर्षापूर्वीचा. सप्टेंबर 2020 मध्ये निर्यातबंदी झाली होती आणि 1 जानेवारी 2021 ला ती उठलीही होती. कुणीतरी जुना मेसेज पुढं ढकलला आणि मी तारीख बघितली नाही. पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत भाव चढले. मी रिकाम्या चाळीत जाऊन बसायचो. वाचता येणाऱ्या माणसाचं असं नुकसान होऊ शकतं. अडाण्याने निदान कुणाला तरी विचारलं असतं.

त्या रिकामपणात कपाटातलं पुस्तक काढलं. धार काढून झाल्यावर, मोबाईलला हात लावायच्या आधी, ओट्यावर बसून चार-पाच वाक्यं वाचायची असं ठरवलं. मास्तरांसारखं ओठ हलवून वाचायचं, कारण नुसत्या डोळ्यांनी वाचलं की माझी गाडी धावायला लागते. गावात दोघा-तिघांनी कुजबुज केली की मास्तरांनी मरता मरता याला बाटवलं. माझ्या गळ्यात माळ तेव्हाही होती, आजही आहे, आषाढीला पंढरपूर चुकत नाही. वाक्य खरं असेल तर ते कुठल्या पुस्तकातलं हे विचारायची मला गरज वाटली नाही. कुजबुजणाऱ्यांना मी काही बोललो नाही. बोललो असतो तर त्या दिवसाचं वाचन त्यातच गेलं असतं.

पाचव्या अध्यायात ती जागा आली. मास्तरांनी तिथं पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती आणि शेजारी परत आलेल्या पोस्टकार्डाची तारीख घातली होती. मी अडकलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आपणही मास्तरांसारखं वाचायला लागलो, याचं हळूहळू मला बरं वाटू लागलं.

बायको अंगणात शेण काढत होती. ती थांबून म्हणाली, "रोज काय एवढं बघता रस्त्याकडं?"

मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं. समजावून सांगू लागलो, की हे पाश्चात्त्य साधू कसे रवंथ करायचे, वाक्य कसं मुरू द्यायचं असतं. ती हात कमरेवर ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही मुरवत बसा. तुमचं हे सावकाश कुणाच्या घाईवर चाललंय, बघितलं का? गाईला चारा टाकला कुणी, चूल पेटवली कुणी? आणि त्यात लिहिलंय भाऊजींकडं जा, तर जा की. वाचलं ना?"

मला राग आला. राग आला कारण तिचं दोन्ही बाजूंनी खरं होतं. सबुरीच्या जगण्याविषयी आपण पुरुषमंडळी फार बोलतो. लक्ष्मीबाईंनी मुलं, पाहुणे, प्लेग, नवऱ्याची लहर हे सगळं सांभाळून आपलं पुस्तक लिहिलं. त्यांना ओट्यावर खुर्ची कुणी टाकून दिली होती? आता मी वाचतो ते ती भाजी निवडायला किंवा लसूण सोलायला बसते तेव्हा, मोठ्याने. तिचे हात चालू असतात आणि कान माझ्याकडे. चारा मी टाकतो. खरं सांगायचं तर तिला माझ्याहून लवकर कळतं आणि ती मला फार वेळ एका जागी बसू देत नाही.

त्या संध्याकाळी गेलो. भावाचं घर माझ्या बांधावरून दिसतं, अडीचशे पावलं असतील. नऊ वर्षांत तिथं गवत वाढून पायवाट मोडली होती. तो खाटेवर बसून मोटरच्या स्टार्टरची वायर सोलत होता. मला बघून त्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"कसाले उना दादा?"

मी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, "असाच." तो वायर सोलत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बठ." वहिनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहा आणला. चहा संपेपर्यंत आम्ही तिघंही पाऊस कधी उघडणार याच्यावरच बोललो. विहिरीच्या पाळीचं पुढच्या आठवड्यात ठरलं. त्याने रात्रीची घेतली, मी दिवसाची, दर पंधरवड्याला बदल. बांधाचं अजून मिटलेलं नाही. मोजणी आणायची असं तो म्हणतो, मला वाटतं दोन फुटांसाठी मोजणीचे पैसे कशाला. बोलणं आहे, पण पूर्वीसारखं नाही. त्या पुस्तकात भावाकडे जा म्हटलंय, तिथं गेल्यावर सगळं गोड होईल असं कुठं म्हटलेलं मला सापडलं नाही.

मी पुढं सरकलो. ती रेघ ओलांडायला मला नऊ वर्षं आणि सतरा दिवस लागले. पुढची वाक्यं त्यामानाने लवकर गेली. शपथ वाहू नका वगैरे. त्यात माझं फार देणं निघत नव्हतं, किंवा मी नीट वाचलं नसेल. मास्तरांच्या पेन्सिलीच्या खुणा पुढं तुरळक होत जातात. कुठं कुठं नुसतं टिंब आहे. त्या टिंबापाशी ते का थांबले असतील याचा विचार करण्यात मी पुष्कळ सकाळी घालवल्या. बायकोच्या मते तो चहाचा थेंब असावा.

पुढे मधे दोन वर्षं गेली. कधी पुस्तक महिना महिना उघडलं नाही, कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. गेल्या दिवाळीपासून मी पुन्हा अडकलोय, त्याच अध्यायाच्या शेवटाकडे. तिथं म्हटलंय ते थोडक्यात असं, की मागणाऱ्याला दे आणि उसनं मागायला आलेल्याकडे पाठ फिरवू नकोस. भावाच्या मुलाला ठिबकसाठी पन्नास हजार हवे आहेत. माझ्याकडे आहेत. त्याने मागच्या खेपेचे दहा हजार अजून दिलेले नाहीत. बायको म्हणते द्या, आणि लगेच म्हणते, पण लिहून घ्या. लिहून घेणं हे पाठ फिरवणं होतं का, यावर आमचं एकमत होत नाही.

बाजाराला जाताना मी देव मामलेदारांच्या मंदिरावरून जातो. यशवंतराव महाराज, आमच्या सटाण्याचे मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून गोरगरिबांना वाटला. त्यांनी कागद करून घेतला नव्हता. मी रोज बाहेरूनच हात जोडतो आणि पुढं जातो.

काल सकाळी पुतण्या मोटारसायकल लावून ओट्यावर येऊन बसला. पैशाचं काही बोलला नाही, गाय बघत बसला. आतून बायकोने विचारलं, "हललं का पान?" त्याला वाटलं, पोथीचं चाललंय. म्हणाला, "वाचा ना मोठे बाबा, मी बसतो."